तोफ तीच, किल्ला निराळा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य हे विषय आपण नेहमी ऐकता. आज मला सांगावयाचे आहे ते इंटरनेटवर चालणाऱ्या प्रोग्रामविषयी, आणि तो लोकांच्या वापरासाठी खुला करताना त्याची जी सेटिंगे नीट लावावी लागतात त्यांविषयी. हा विषय फळ्यावर वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. बोलणारा मनुष्य कॉलेजची पायरी न चढलेला, हमाल, बांधकाम मजूर आणि ऊसतोड कामगार यांच्या संघटनेत हयात घालविलेला आहे, हे कळल्यावर त्या आठ्या आणखी दाट झाल्या असतील. मी संगणक शिकलो तो हौसेने नव्हे. संघटनेला एक ठेच लागली आणि ती का लागली हे समजून घेण्यासाठी मला शिकावे लागले. ती ठेच आपल्या पतसंस्थेला, वाचनालयाला, शाळेला लागू नये, एवढ्यासाठीच हे व्याख्यान आहे.

आरंभ आपल्या किल्ल्यापासूनच करू. विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आज जी मुलुखमैदान तोफ आहे, ती एके काळी आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती, हे येथील शाळेतील पोरही सांगेल. १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती ओतली. पुढे ती परंड्यास आली आणि १६३२ साली येथून विजापूरला गेली. तोफ एकच, मुक्काम तीन. आता विचार करा. तोफेच्या धातूत ओतलेले होते ते तिच्याबरोबर सगळीकडे गेले. पण तोंड कोणत्या दिशेस वळवावयाचे, दारूखाना कोठे, कोठाराच्या किल्ल्या कोणाजवळ, आज डागण्याचा परवलीचा शब्द कोणता, या गोष्टी परंड्यात निराळ्या आणि विजापुरात निराळ्या. समजा, त्या ओतकाराने परंड्याच्या दारूखान्याची वाट आणि परवलीचा शब्द तोफेवरच कोरून ठेवला असता, तर काय झाले असते? विजापुरात तो मजकूर निरुपयोगी ठरला असता, आणि मधल्या वाटेवर ज्याने ज्याने तोफ पाहिली त्याला आपल्या किल्ल्याचे गुपित फुकटात मिळाले असते.

माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. जागेनुसार जे बदलते, आणि चारचौघांना जे कळू नये, ते प्रोग्रामच्या अंगावर कोरू नये. ते बाहेर, त्या त्या जागेपाशी ठेवावे.

तालीम आणि प्रयोग

संगणकवाले लोक प्रत्यक्ष वापरातल्या अवस्थेला ‘प्रोडक्शन’ म्हणतात. आम्ही उत्पादन म्हटले की कापडाचे वार आणि साखरेची पोती मोजणारी माणसे. आम्हाला हा शब्द प्रथम विचित्रच वाटला. नाटकाच्या भाषेत तो चटकन कळतो. तालीम निराळी आणि प्रयोग निराळा. प्रोग्राम लिहिणारा आपल्या घरच्या संगणकावर तो चालवून पाहतो ती तालीम. तोच प्रोग्राम भाड्याच्या सर्व्हरवर चढतो आणि हजार माणसे आपापल्या मोबाईलवर तो उघडतात तो प्रयोग. संहिता दोन्हीकडे एकच असावी लागते. भोवतालची व्यवस्था मात्र बदलते, आणि या भोवतालच्या व्यवस्थेलाच त्यांच्या भाषेत ‘एन्व्हायर्नमेंट’ हे नाव आहे.

तालमीत नट अडखळला की मागून प्रॉम्प्टर मोठ्याने शब्द सांगतो, दिग्दर्शक मध्येच थांबवून चूक कोठे झाली ते दाखवितो. ते आवश्यकच आहे. प्रोग्रामलाही तालमीत एक खटका लावून ठेवतात; त्याला ‘डीबग’ म्हणतात. हा खटका चालू असला की चूक होताच पडद्यावर सगळी हकीकत येते: चूक कोणत्या ओळीवर झाली, तिच्या आगेमागे काय लिहिले आहे, त्या क्षणी कोणती किंमत कोठे होती. लिहिणाऱ्याला हे वरदान आहे. पण प्रयोगाच्या दिवशी हा खटका चालू राहिला, तर विंगेतला सगळा गोंधळ प्रेक्षकांसमोर येतो.

आमच्या बाबतीत नेमके हेच झाले.

आमची ठेच

संघटनेच्या सभासदांची नोंदवही आम्ही संगणकावर आणली. नाव, गाव, मोबाईल, कोणत्या मुकादमाच्या टोळीत आहे, वर्गणी कधी भरली, आणि मजुरीबद्दल तक्रार दिली असल्यास ती, एवढे त्यात होते. गावातल्याच एका होतकरू मुलाने दोन महिने खपून, एक पैसा न घेता ते काम केले. प्रोग्राम चांगला होता, आजही तोच चालतो.

एका मासिक सभेच्या दिवशी आम्ही सर्वांना सांगितले, आपापली नोंद उघडून पाहा. एकाच वेळी शेदोनशे माणसांनी ती उघडली. डेटाबेसला, म्हणजे जेथे नोंदी साठविलेल्या असतात त्या कोठाराला, एका वेळी किती जणांना दार उघडावयाचे याची मर्यादा असते. ती ओलांडली गेली, दार उघडेना, आणि प्रोग्राम नेमका त्या ओळीवर अडखळला जेथे तो कोठाराचे दार ठोठावीत होता. डीबगचा खटका तालमीतला, तसाच चालू राहिलेला. कोठाराचा पासवर्ड त्या मुलाने सोयीसाठी त्याच ओळीत लिहिलेला. झाले! ती ओळ पासवर्डासकट पडद्यावर आली. एका भाबड्या सभासदाने तिचे छायाचित्र काढून ‘हे काय आलंय?’ म्हणून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकले. त्या गटात दोन मुकादमही होते.

एवढ्यावरही निभावले असते. कोठार फक्त आपल्या सर्व्हरलाच दार उघडील, बाहेरच्या कोणालाही नाही, असे बंधन घालता येते. तेही घातलेले नव्हते. म्हणजे ज्याच्या हाती ते छायाचित्र पडले, त्याला घरबसल्या आमची यादी वाचता आली असती.

मला हे रात्री अकराला कळले. पासवर्ड बदलेपर्यंत दोन वाजले. त्या तीन तासांत कोणी आत शिरले की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता, कारण कोण आले कोण गेले याची नोंद ठेवण्याचे सेटिंगही आम्ही लावलेले नव्हते. पुढच्या हंगामात तक्रार देणाऱ्या दोघी बायांना टोळीत घेतले नाही. कारण यादीच होती, असे मी म्हणणार नाही. ते सिद्ध झालेले नाही. पण त्या दोघींपैकी एकीने मला विचारले, ‘भाऊ, माझं नाव तुमच्याच वहीतनं गेलं का?’ आणि मला ‘नाही’ असे छातीवर हात ठेवून सांगता आले नाही. तीस वर्षांच्या कामात एवढी मान खाली कधी गेली नव्हती.

दोष त्या मुलाचा होता काय? मी तसे मानीत नाही. त्याने तालीम बसवून दिली होती. प्रयोगापूर्वी रंगमंच तपासून पाहावा लागतो, हे विचारण्याची जबाबदारी संस्थेच्या चालकांची होती, आणि चालक मी होतो.

शिदोरीची युक्ती

मग या गोष्टी ठेवाव्यात कोठे? संगणकाच्या जगात याचा उपाय जुनाच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतून १९७९ साली युनिक्स या प्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात अशी सोय होती की कोणताही प्रोग्राम सुरू होताना त्याच्याबरोबर काही नावे आणि त्यांच्या किमती बांधून देता येतात. गडी कामावर निघताना घरधनीण त्याच्या हाती शिदोरी देते, तसेच हे. प्रोग्राम तोच; तालमीच्या घरून निघाला तर तालमीची शिदोरी, प्रयोगाच्या घरून निघाला तर प्रयोगाची. कोठाराचा पत्ता काय, पासवर्ड काय, डीबग चालू की बंद, हे सगळे शिदोरीत. प्रोग्रामच्या मजकुरात फक्त एवढेच लिहावयाचे की ‘पासवर्ड शिदोरीतून काढून घे’.

हेरोकू नावाच्या कंपनीतील मंडळींनी २०११ च्या सुमारास इंटरनेटवरील प्रोग्रामसाठी बारा सूत्रे मांडली. त्यांतले तिसरे सूत्र हेच आहे, आणि त्याची कसोटीही त्यांनी फार सोपी सांगितली आहे. तुमच्या प्रोग्रामचा सगळा मजकूर या क्षणी चव्हाट्यावर मांडला, तर तुमचे एखादे गुपित फुटेल काय? फुटत नसेल तर रचना बरोबर. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात ते खरे. पण मूठ झाकावयाची ती किल्ल्यांवर, सगळ्या प्रोग्रामवर नव्हे.

ही शिदोरी व्यवहारात बहुधा एका लहानशा फाईलमध्ये लिहून ठेवतात. तिच्याविषयी चार पथ्ये सांगतो. ही फाईल प्रोग्रामच्या मजकुराबरोबर इंटरनेटवरील सामायिक भांडारात कधीही चढवू नये. तेथे नमुना म्हणून फक्त नावांची यादी ठेवावी, किमती कोऱ्या. सर्व्हरवर ती अशा जागी असावी की वेबपानांबरोबर कोणाला उघडता येणार नाही, आणि ज्या खात्यावर प्रोग्राम चालतो त्या खात्यालाच ती वाचण्याची परवानगी असावी. तालमीची आणि प्रयोगाची फाईल स्वतंत्र. एकातील पासवर्ड दुसरीत वापरावयाचा नाही. आणि चौथे, पासवर्ड चुकून बाहेर गेलाच तर नुसती ओळ खोडून भागत नाही. त्या भांडारात जुन्या प्रतींचा इतिहास जपलेला असतो, शोधणारा मागे जाऊन वाचतो. किल्ली हरवली की कुलूपच बदलावे लागते.

हे न पाळल्याने काय होते याचे मोठे उदाहरण आम्हा कामगारांच्याच जगातले आहे. २०१६ साली उबर या कंपनीच्या अभियंत्यांनी वापरलेल्या गिटहब नावाच्या भांडारात चोर शिरले. तेथील प्रोग्रामच्या मजकुरातच त्यांना कोठाराची किल्ली मिळाली, आणि जगभरातील सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. तीत अमेरिकेतील सुमारे ६ लाख चालकांचे परवाना क्रमांक होते. कंपनीने चोरांना एक लाख डॉलर दिले आणि वर्षभर, नोव्हेंबर २०१७ पर्यंत, ही गोष्ट लपवून ठेवली. गाडी हाकणाऱ्या माणसाने नोकरीसाठी विश्वासाने दिलेला परवाना! त्याला विचारले कोणी नाही, सांगितलेही कोणी नाही.

खाचखळगे

शिदोरीच्या युक्तीतही काही खाचखळगे आहेत. पहिला असा की शिदोरी निघतानाच बांधलेली असते. गडी शेतावर पोहोचल्यावर घरी भाजी बदलली, तर त्याच्या फडक्यातली बदलत नाही. तसे, फाईलमधील किंमत बदलली तरी चालू असलेला प्रोग्राम जुन्याच किमतीवर चालतो. तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. आम्ही त्या रात्री पासवर्ड बदलला आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करण्यास विसरलो. तासभर तो जुन्याच किल्लीने कुलूप खटखटवीत राहिला.

दुसरा खळगा गमतीचा आहे. शिदोरीतील प्रत्येक किंमत म्हणजे अक्षरे असतात. डीबगपुढे ‘नाही’ असे लिहिले, तर आपण समजतो की खटका बंद झाला. पण समजा एका शिपायाला सांगितले आहे, खोक्यात चिठ्ठी असेल तर दिवा लाव. चिठ्ठीवर ‘लावू नकोस’ असे लिहिले आहे, आणि शिपाई चिठ्ठी न वाचता नुसती आहे की नाही हे पाहतो. दिवा लागणारच! पुष्कळ प्रोग्राम या शिपायासारखे लिहिलेले असतात. म्हणून चिठ्ठी वाचून अर्थ लावण्याची ओळ प्रोग्राममध्ये आहे की नाही, हे पाहावे. आणि डीबग बंद झाला असे मानण्यापूर्वी मुद्दाम चूक करून पडद्यावर काय येते ते पाहावे.

तिसरा खळगा, शिदोरीत एखादी वस्तू राहून गेली तर? आळशी रचना अशी असते की पासवर्ड नसेल तर तालमीचाच वापरा. ही फार घातक. एखादी आवश्यक किंमत नसेल तर प्रोग्रामने सुरूच होऊ नये, आणि काय राहिले आहे ते स्पष्ट सांगून थांबावे. पहाटे गाडी जुंपतानाच कुणी नसल्याचा मोड कळावा. माळरानात मध्येच गाडी उलटण्यापेक्षा ते बरे.

तालमीच्या गाठोड्यात प्रयोगाची किल्ली गेली तर काय होते, तेही आम्ही भोगले आहे. सभासदांना एसएमएस पाठविण्याची सोय तपासताना त्या मुलाने ‘उद्या काम बंद’ असा नमुना संदेश लिहिला. किल्ली खरी आणि यादीही खरी. चाळीस माणसे दुसऱ्या दिवशी घरी राहिली. मला संपाची हाक देण्यासाठी एरवी महिनाभर सभा घ्याव्या लागतात. येथे एका सेटिंगाने काम भागले. हसू येते खरे, पण त्या चाळीस जणांची त्या दिवसाची मजुरी आम्हाला वर्गणीतून भरून द्यावी लागली.

घड्याळ, अक्षर आणि नाव

सेटिंगे सगळीच गुपिताची नसतात. काही नुसती जागेची असतात, पण मजुरीशी त्यांचा संबंध पोहोचतो. पुष्कळ भाड्याचे सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. मार्केट यार्डात रात्री दोन वाजता ट्रक रिकामा करणाऱ्या हमालाची हजेरी त्या घड्याळाने आदल्या दिवसाची लागते. महिना संपताना तर एक हजेरीच मागच्या महिन्यात जाते, आणि मग हिशेब जुळत नाही. वेळ साठविताना जागतिक वेळेने साठवावी हे तंत्रज्ञांचे म्हणणे योग्य आहे. पण दिवस कोणता हे ठरविताना आणि माणसाला दाखविताना भारतीय वेळ लागावी, हे सांगून ठेवावे लागते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये निर्देश काढले. त्यांत संगणकांची घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळवून ठेवणे आणि कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जपणे यांवर भर आहे. घड्याळ चुकीचे असेल तर नोंद असूनही साक्षीला उपयोगी पडत नाही.

तसेच अक्षरांचे. कोठाराचे अक्षरसेटिंग देवनागरी सामावणारे नसेल, तर ‘ज्ञानोबा’ आत जातो आणि बाहेर येतात नुसती प्रश्नचिन्हे. प्रश्नचिन्हांच्या नावे कोणतेही अनुदान निघत नाही.

आणि नावाची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याइतकी कोणाला ठाऊक असणार! २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्यांच्या प्रोग्राममध्ये जिल्ह्याचे नाव पन्नास ठिकाणी कोरलेले होते, त्यांनी चाळीस ठिकाणी बदलले आणि दहा ठिकाणी राहिले. आमच्या एका बांधकाम मजुराचा अर्ज एका कार्यालयात याच कारणावरून परत आला. आधारवर एक नाव, अर्जात दुसरे. जिल्ह्याचे नाव हे काटेकोरपणे शिदोरीतले सेटिंग नव्हे, ते कोष्टकात ठेवावयाचे. पण धडा तोच. मोटारींच्या पाटीवरचा एमएच २५ हा संकेत नाव बदलले तरी बदलला नाही. आत संकेत ठेवावा, नाव एका ठिकाणी लिहावे, आणि बदलले की त्या एकाच ठिकाणी बदलावे.

एकाच ठिकाणी बदलण्याचे महत्त्व किती, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात दिसले. नाईट कॅपिटल या कंपनीचे आठ सर्व्हर होते. नवा प्रोग्राम सातांवर चढला, आठव्यावर राहिला. नव्या प्रोग्रामने एका जुन्या खटक्याचे नाव पुन्हा वापरले होते. आठव्या सर्व्हरवर त्या खटक्याने जुनेच, कधीचे टाकून दिलेले यंत्र चालू झाले. पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. यंत्राला सूड नसतो आणि दयाही नसते. सांगितले तेच ते करते.

किल्ल्या कोणाच्या हाती

शेवटचा प्रश्न तंत्राचा नाही, कारभाराचा आहे. शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत, हे सभासदाच्या बखरीत आहे. गड एकट्याच्या हाती असू नये, हा त्यातला विवेक. आमच्या नोंदवहीच्या सगळ्या किल्ल्या त्या एका मुलाच्या मोबाईलमध्ये होत्या. तो उद्या नोकरीसाठी पुण्यास गेला असता, तर संघटनेला स्वतःच्याच वहीचे दार बंद झाले असते. आता सर्व्हरचे खाते आणि संकेतस्थळाचे नाव संघटनेच्या नावे आहे. किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांपाशी आहेत. कोणी पद सोडले की त्याच दिवशी पासवर्ड बदलतो. आणि कोणते सेटिंग कोणी, कधी, का बदलले, याची साधी कागदी वही ठेवतो. तीत पासवर्ड लिहीत नाही, फक्त बदल लिहितो.

असे कोणी म्हणेल की हे मोठ्या कंपन्यांचे सोपस्कार, आमच्या लहान संस्थेला काय करावयाचे? त्यांना मी दोन गोष्टी सांगेन. एक, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहेत. माहिती सांभाळण्याची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. दुसरी गोष्ट कायद्याहून मोठी. लहान संस्थेच्या वहीतली माणसे ओळखीची असतात. त्यांनी विश्वास ठेवला तो कायद्यावर नव्हे, आपल्या तोंडाकडे पाहून.

म्हणून आपल्या संस्थेसाठी कोणी वेब ॲप्लिकेशन करून देईल, तेव्हा तो खुला करण्यापूर्वी त्याला एवढे प्रश्न जरूर विचारा. डीबग बंद आहे काय, आणि चूक करून पाहिली काय? पासवर्ड प्रोग्रामच्या बाहेर आहेत काय? कोठाराचे दार बाहेरच्यांना बंद आहे काय? वेबपत्त्याची देवाणघेवाण कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएसने होते काय? घड्याळ आणि अक्षर आपले आहे काय? तालमीची यादी खोटी माणसांची आहे काय? आल्यागेल्याची नोंद राहते काय? आणि किल्ल्या कोणाकोणाजवळ आहेत? या आठ प्रश्नांना इंग्रजी लागत नाही, पदवी लागत नाही. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. त्याला उलट बरे वाटते की विचारणारे कोणी आहे.

आमच्याकडे हे सर्व आता झाले आहे. त्या दोघींपैकी एक बाई यंदा पुन्हा टोळीत गेली, दुसरी गावातच मजुरी करते. तिने नवीन वहीत नाव घालू दिले, पण तक्रारीचा रकाना कोरा ठेवावयास सांगितले. तो रकाना तिने आपण होऊन भरून घ्यावा, इतका विश्वास पुन्हा मिळेपर्यंत हे काम संपले असे मी मानीत नाही.